पाचवी गाडी आणि भाऊजी

आमच्या भाऊजींना गाडी चालवता येत नाही. सायकल येते, पण तीही सरळ रस्त्यावर. वळण आलं की ते खाली उतरतात, सायकल हाताने वळवतात आणि पुन्हा स्वार होतात. असं असूनही आमच्या नात्यागोत्यात किंवा त्यांच्या इमारतीत कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की पहिला निरोप भाऊजींना जातो. मग भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून, खिशात वही आणि टोक काढलेली पेन्सिल ठेवून, मोठ्या ऑपरेशनला निघालेल्या सर्जनसारखे घराबाहेर पडतात. तपासणी चालू असताना बरोबरच्यांनी बोललेलं त्यांना चालत नाही.

हा मान त्यांना मिळाला तो नोकरीमुळे. भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एकतीस वर्षं लिफ्ट-निरीक्षक होते. उंच इमारतींच्या लिफ्ट वर्षातून एकदा तपासायच्या, त्या माणसं वाहायला लायक आहेत की नाहीत ते ठरवायचं आणि असतील तर प्रमाणपत्रावर सही ठोकायची, हे त्यांचं काम. तुम्ही लिफ्टमध्ये आरशात बघून केस सारखे करता, तेव्हा तुमच्या डोक्यावर एका चौकटीत जो पिवळा पडलेला कागद असतो, त्याच्या तळाशी गांडुळासारखी एक सही असते ना, तशा हजारो गांडुळांचे आमचे भाऊजी जनक.

लिफ्टची आणि गाडीची जात एकच, असं त्यांचं ठाम मत आहे. दोन्ही डबेच, दोन्हींत माणसं विश्वासाने शिरतात, फक्त एक उभी जाते आणि दुसरी आडवी. त्यामुळे तपासायची पद्धतही एकच. यंत्राबद्दल चालवणाऱ्याला काही विचारायचं नाही, कारण तो बिचारा कामात असतो. यंत्र कळतं ते नुसतं बसलेल्याला. म्हणून भाऊजी मागच्या सीटवर बसतात, चपला काढून बाजूला ठेवतात, उघडे तळवे गाडीच्या जमिनीला टेकवतात, हात गुडघ्यांवर ठेवतात आणि डोळे मिटून घेतात. तोंडाने एकच शब्द येतो, "चला." मग गाडी कुठे थरथरली, कुठे अडखळली, थांबताना किती मान झुकली, हे सगळं त्यांना म्हणे तळपायातून समजतं. एका गाडीवाल्याने हा प्रकार पाहून मला हळूच बाजूला घेतलं आणि तुमच्या साहेबांना चक्कर आली असेल तर पाणी आणू का, असं विचारलं होतं.

इतकं सांगूनही भाऊजींबद्दल चेष्टेने बोलायचा अधिकार मला नाही. त्यांनी "घे" म्हटलेली माझी गाडी आठ वर्षं विनातक्रार चालली, आणि त्यांनी "सोड" म्हटलेली माझ्या एका मित्राने हट्टाने घेतली, ती आजही गॅरेजात जास्त आणि घरी कमी असते. चेष्टा मी तरीही करतो, पण ती मेहुण्याच्या जन्मसिद्ध हक्काने.

तर अशा या भाऊजींवर गेल्या महिन्यात स्वतःच्याच मुलीसाठी गाडी बघायची वेळ आली.

मुलीला घरात छोटी म्हणतात. छोटी आता चौतीस वर्षांची आहे, तिला सात वर्षांची मुलगी आहे आणि चष्म्याचा नंबर माझ्यापेक्षा जास्त आहे, पण छोटी ती छोटीच. तिचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर. तो वर्षातले आठ महिने पाण्यावर आणि चार महिने झोपेत असतो, त्यामुळे छोटी आणि नात माहेरीच राहतात. छोटी कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवते. ती ज्या शाळेत होती ती बंद झाली आणि नवी नेमणूक मिळाली ती अडतीस किलोमीटरवर. शाळा साडेसातला भरते. त्या वेळेला पोचवणारी बस नाही. म्हणजे मार्ग दोनच. एक, रोज गाडीने जायचं आणि यायचं. दोन, तिकडेच बिऱ्हाड करायचं आणि नातीचं नाव तिकडच्या शाळेत घालायचं. शाळेजवळ दोन खोल्या तिने बघूनही ठेवल्या होत्या. घरमालकाने रविवारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. सोमवारी शाळा सुरू.

गाडी कुठल्या प्रकारची हवी हे छोटीने आधीच ठरवलं होतं. त्या रस्त्यावर दगडखाणीचे ट्रक फार, आणि लहान गाडी ट्रकच्या शेजारून जाताना कापते. उंच जीपसारखी गाडी शहरात लावायला जागा शोधताना रडवते. तेव्हा मधल्या आकाराची, घरगुती, मागे डिकी असलेली, वापरलेली पण नीट वापरलेली सेडान. डिकीत तिचे आरसे, चित्रांचे खोके आणि ऐकू येण्याची यंत्रं आडवी राहिली पाहिजेत. दिवसाला पाऊणशे किलोमीटर आणि वर्षाचे दोनशे दिवस, एवढं काम तिने कुरकुर न करता ओढलं पाहिजे. इतकं स्वच्छ मागणं असलं की वस्तू चटकन मिळते असा माझा समज होता. मी भाऊजींना हिशेबात धरलं नव्हतं.

पहिली गाडी त्यांनी चालू करण्याआधीच नापास केली. मागचं दार लावून बघितलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं आणि म्हणाले, दार मिटत नाही, आपटतं. दुसरी थांबताना मान डोलवत होती. ठीक. तिसरी एका दलालाकडची, पांढरी, आतून इतकी धुतलेली की इंजिनावर जेवायला बसावं. भाऊजींनी झाकण उघडलं आणि लगेच मिटलं. ज्या इमारतीत लिफ्टची मशीन-खोली निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी धुतलेली असते, तिथे हमखास काहीतरी गळत असतं, असं त्यांनी मला परत येताना समजावलं. हेही मला पटलं. चौथ्या गाडीच्या मालकाने मात्र सगळे कागद दाखवले, गाडी गार असताना आमच्यासमोर चालू केली, टायर, पट्टे, काचा सगळं दाखवलं, आणि भाऊजी अर्धा तास डोळे मिटून फिरून आल्यावर म्हणाले, नको. का नको विचारलं तर म्हणाले, मालक फार घाईघाईने बोलतो.

एखाद्या गाडीला तिचा मालक घाईघाईने बोलतो म्हणून नापास करणं हे लिफ्टच्या कुठल्या नियमात बसतं ते मला कळेना. त्या संध्याकाळी मी ताईच्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकलो. भाऊजी बाहेर नातीचा अभ्यास घेत होते. मी विषय काढला तर ताई भांडी पुसता पुसता हळूच म्हणाली,

"त्यांना गाडी नकोय रे. आणि तिने जायलाही नकोय. दोन्ही नको म्हटल्यावर मधे काय उरतं, ते मी त्यांना रोज विचारते."

मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती. नोकरीच्या विसाव्या वर्षी भाऊजींनी एका इस्पितळाची लिफ्ट पास केली होती आणि तीन आठवड्यांनी ती दोन मजले घसरली. आत एक परिचारिका होती. तिचा घोटा मोडला, बाकी ती वाचली. चौकशीत भाऊजींचा काहीही दोष निघाला नाही, मधल्या काळात कुणी भलत्याच माणसाने ब्रेकला हात लावला होता. पण भाऊजी पुढचे सहा महिने त्या परिचारिकेच्या घरी दर रविवारी जात होते. ती बिचारी शेवटी म्हणाली, साहेब, माझा पाय बरा झालाय, आता तुम्ही यायचं थांबवा, माझ्या सासूला वाटतं तुम्ही विमा विकता.

"तेव्हापासून सही करताना त्यांचा हात अडतो," ताई म्हणाली. "परक्यांच्या लिफ्टवर अडायचा. आता तर पोटची पोर आहे."

पाचवी गाडी बघितली ती घरमालकाच्या त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची, राखाडी रंगाची, नऊ वर्षांची सेडान. बाई एकट्याच राहत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना आता चाक हातात धरू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून विकायची. गाडी एकसष्ट हजार किलोमीटर चाललेली. आम्ही पोचलो तेव्हा बाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि मांडीवर गाडीची वही होती. कधी तेल बदललं, कधी ब्रेकच्या पट्ट्या, कुठला टायर कुठे फिरवला, सगळं तारीखवार, सुवाच्य अक्षरात, आणि समासात लाल शाईने शेरे. एका ठिकाणी लिहिलं होतं, "गॅरेजवाल्याने पुन्हा तेच सांगितले. लक्ष देत नाही."

आमच्या ओळखीचा गॅरेजवाला आदल्या दिवशीच येऊन गाडी बघून गेला होता. त्याने खालून, वरून, डिकीतली सतरंजी उचलून, ओल लागते का ते बोटाने बघून सांगितलं होतं की क्लच वर्षभराने बदलावा लागेल, बाकी घ्या आणि गप्प बसा. भाऊजींनी त्याचं ऐकून घेतलं. मग स्वतः बोनेटवर हात ठेवून इंजिन खरंच गार असल्याची खात्री करून घेतली, चारही टायरवरची बारीक अक्षरं चष्मा पुसून वाचली, सुट्या टायरलाही सोडलं नाही, चपला काढल्या, मागे बसले, डोळे मिटले. छोटीने गाडी चालू केली. आम्ही त्या वसाहतीत चार फेऱ्या मारल्या. बाई खुर्चीतून, परीक्षेत कॉपी होते का ते बघावं तशा, आमच्याकडे बघत होत्या.

चौथ्या फेरीनंतर भाऊजी बाहेर आले, आणि त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना काहीही सापडलं नव्हतं. एकतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून त्यांनी ती गाडी तळपायाने चाचपली होती आणि ती निर्दोष निघाली होती. दुसरा कुणी असता तर त्याचा जीव भांड्यात पडला असता. भाऊजींचा भांड्याबाहेर आला.

ते म्हणाले, "सव्वापट वजनाची चाचणी राहिली."

लिफ्टचा असा नियम असतो. दहा माणसांची लिफ्ट असेल तर तिच्यात साडेबारा माणसांचं वजन घालून ती वरखाली करायची. एवढं पेललं तर दहांना भीती नाही. नियम उत्तम आहे. पण ही गाडी पाच जणांची, म्हणजे सव्वासहा माणसं हवीत, आणि रोज बसणार आहे एकटी छोटी, हे सांगायला तिथे कुणाची जीभ उचलली नाही. शुक्रवारी दुपारी आम्ही पुन्हा बाईंच्या अंगणात हजर झालो. छोटी चाकावर. तिच्या शेजारी इमारतीतले वकीलकाका, ज्यांना भाऊजींनी केवळ देहयष्टीच्या जोरावर बोलावलं होतं. मागे ताई, माझी बायको, मी आणि निरीक्षक स्वतः, म्हणजे झाली सहा माणसं. राहिली पाव. त्यासाठी नात होती. आजोबांनी तिला हिशेब समजावून आजीच्या मांडीवर बसायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की ती दुसरीत आहे आणि दुसरीतल्या मुलांना पाव धरत नाहीत, किमान अर्धं तरी धरा. भाऊजींनी वहीत अर्धं लिहिलं.

त्या गाडीत आम्ही कसे मावलो ते मला सांगता येणार नाही, कारण माझं तोंड पूर्णवेळ खिडकीच्या काचेला चिकटलेलं होतं. वकीलकाकांच्या बाजूने गाडी कलली. माझ्या बायकोचं कोपर माझ्या बरगडीत होतं, आणि ते केवळ जागेअभावी होतं असं मी आजही मानतो. भाऊजी एवढ्या गर्दीतही डोळे मिटून, गुडघे छातीशी घेऊन बसले होते. छोटीने पायी चालणारा माणूस पुढे जाईल अशा वेगाने गाडी अंगणाबाहेर काढली. फाटकापाशी गतिरोधक होता. पुढची चाकं चढली, उतरली, आणि मागून खर्रर्र आवाज आला.

भाऊजींनी डोळे उघडले. "घासली," ते म्हणाले. आवाजात इतका आनंद होता की ताईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "नापास."

मुख्याध्यापिकाबाई खुर्चीवरून उठून फाटकाशी आल्या. चाळीस वर्षं ज्यांनी वर्ग शांत केले त्यांना आवाज चढवावा लागत नाही. त्यांनी गाडीत वाकून आम्हा साडेसहा जणांना एकदा मोजलं.

"पाचांच्या गाडीत सात डोकी कोंबलीत," त्या म्हणाल्या. "आता घासली तर नापास कोण, गाडी की कोंबणारे?"

बाई पुढे म्हणाल्या की त्या स्वतः एकोणीस वर्षं रोज तीस किलोमीटर गाडी चालवत शाळेत गेल्या, त्यातली शेवटची काही याच गाडीने. मग भाऊजींकडे बघून त्यांनी जोडलं, "मला कुणी मागे बसून तपासलं नाही, म्हणून पोचत राहिले." एवढं बोलून त्या आत गेल्या. वकीलकाकांना बाहेर काढायला दोन माणसं लागली.

 घरी आल्यावर छोटीने मुलीला शेजारी खेळायला पाठवलं, जेवणाच्या टेबलावरचा पसारा बाजूला केला आणि बाबांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. मी निघायच्या बेतात होतो, पण ताईने मला डोळ्यांनी थांबवलं. छोटी चिडत नाही. ज्या मुलांना एक शब्द शिकवायला तीन महिने लागतात, त्यांच्याबरोबर राहून तिचा राग कधीच झिजून गेला आहे. ती सावकाश, ओठ नीट हलवून, जशी वर्गात बोलते तशी बोलली.

"बाबा, गाडीत काय खोट आहे ते सांगा. गाडीत नसेल तर माझ्यात काय आहे ते सांगा."

भाऊजी वहीची पानं चाळू लागले. ते म्हणाले की खोट अशी नाही, पण रस्ता वाईट आहे, ट्रक आहेत, खाणीपाशी आंधळं वळण आहे, आणि माणसाने सगळं तपासलं तरी मधल्या मधे कोण कशाला हात लावेल ते सांगता येत नाही. बोलता बोलता ते थांबले. ताई ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

"लिफ्टला चालवणारा नसतो, बाबा," छोटी म्हणाली. "गाडीला असतो. तुम्ही पाच गाड्या तपासल्यात. चालवणारीला एकदाही नाही. डोळे मिटून बसता. उद्या ही गाडीही नको म्हणालात तर मी परवा त्या खोल्यांची किल्ली घेणार आहे. रागाने नाही. मला सोमवारी शाळेत उभं राहायचंय, म्हणून."

 भाऊजींनी वही मिटली आणि विचारलं, "सोमवारी घरातून किती वाजता निघावं लागेल?"

"सहा चाळीसला."

"मग उद्याही सहा चाळीसलाच निघू. वेळ तीच पाहिजे. दुपारच्या रिकाम्या रस्त्यावर काय कळणार."

शनिवारी सकाळी आम्ही बाईंकडून किल्ली घेतली. बाईंनी गाडीचे कागद दिले, टाकी भरलेली आहे म्हणून सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत परत आणली नाहीत तर मी तुमच्या वकिलांनाच वकील म्हणून नेमेन अशी धमकीही दिली. गाडी आधी घरापाशी आणली आणि सहा चाळीसला तिथून निघालो. छोटी चाकावर, मी तिच्या शेजारी, भाऊजी तिच्या बरोबर मागे, चपला काढून. डोळे मिटले. "चला."

शहरातले पहिले आठ किलोमीटर सिग्नल, दुधाच्या गाड्या आणि रस्ता झाडणारी माणसं. इथे गाडी सारखी थांबते आणि सुटते, आणि जुना क्लच असला की इथेच माणसाची पिंढरी भरून येते. छोटी पुढची गाडी हलली की लगेच झेपावत नव्हती, थोडी जागा सुटू देत होती आणि मग एकदाच सावकाश पुढे जात होती. मागून पेन्सिलचा आवाज आला. डोळे मिटून ते कसं लिहितात हे मला कधीच उमगलेलं नाही, पण अक्षर त्यांचं तसंही वाचता येत नाही.

पुढे पूल आला, मग मोठा रस्ता. गाडी ऐंशीवर गेली तसा आतला आवाज कमी झाला. ट्रक शेजारून गेले, पण सेडान जमिनीला धरून राहिली, नुसती किंचित शहारली. मी मनातल्या मनात छोटीला शाबासकी दिली. उघड दिली असती तर मागून "शांतता" असा हुकूम आला असता.

तिसाव्या किलोमीटरच्या सुमाराला खाणीचा भाग लागला. रस्ता एका टेकडीला वळसा घालतो, तेच ते आंधळं वळण. वळण अजून बरंच लांब होतं. मला समोर रिकामा रस्ता दिसत होता. आणि छोटीने ब्रेक लावायला सुरुवात केली. दाबला नाही, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा ठेवला. गाडी साठ, पन्नास, चाळीस अशी उतरत गेली. तिने दिव्यांची उघडझाप करून मागच्यांना इशारा दिला.

"का?" मागून प्रश्न आला. तपासणी चालू असताना भाऊजींनी काही विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

छोटीने उत्तर दिलं नाही. ती कामात होती. गाडी वळणावर आली, आणि वळणाच्या पलीकडे, रस्त्याच्या अर्ध्या रुंदीत, एक खडीचा ट्रक बंद पडून उभा होता. मागे दिवा नाही, दगड नाही, काही नाही. ड्रायव्हर चाकापाशी वाकलेला. छोटी त्याच्या शेजारून तीसच्या वेगाने गेली, पुढे जाऊन बाजूला थांबली, मला उतरवलं, आणि डिकीतला लाल त्रिकोण ट्रकच्या मागे वळणाअलीकडे नेऊन ठेवायला लावला. मी तो ठेवून धापा टाकत परत आलो तेव्हा भाऊजींचे डोळे सताड उघडे होते.

"तुला दिसला कसा?" ते विचारत होते. "वळणाआड होता."

"दिसला नाही. समोरून आलेल्या दोन गाड्यांनी दिवे मारले. आणि आमच्या मुलांना ऐकू येत नाही ना, त्यामुळे मलाही बघायची सवय लागलीये."

आम्ही पुन्हा निघालो. भाऊजींनी डोळे मिटले नाहीत. मी मान तिरकी करून चोरून बघत होतो. ते सीटच्या मध्याकडे थोडे सरकले होते, जेणेकरून छोटीची बाजू दिसेल. मागून बघणाऱ्याला चालवणाऱ्याचं काय दिसणार? एक कान, चष्म्याची दांडी, गिअरवरचा हात, आरशाकडे जाऊन परत रस्त्यावर येणारी नजर. ते एवढंच बघत होते, पण एकटक. मला वाटतं, चौतीस वर्षांत त्यांनी तिला जेवताना, रडताना, अभ्यास करताना, भांडताना शेकडो वेळा पाहिलं असेल. काम करताना ते तिला पहिल्यांदाच पाहत होते. पेन्सिल गुडघ्यावर आडवी पडली होती. पुढचे आठ किलोमीटर त्यांनी काहीही लिहिलं नाही.

शाळेच्या फाटकाशी आम्ही सात बत्तीसला पोचलो. छोटी म्हणाली, ट्रकपाशी पाच मिनिटं गेली, सोमवारी वेळेत येईन. सुट्टी असल्यामुळे शाळा बंद होती, पण पहारेकऱ्याने तिला ओळखून आत सोडलं. बैठी इमारत, समोर हापशी, पायऱ्यांवर रंगवलेले आकडे. एका वर्गाच्या खिडकीतून आतलं दिसत होतं. भिंतीला आरसे लावलेले, पण इतके खाली की आपल्याला त्यांत आपले गुडघेच दिसावेत. मुलं त्यांत बघून ओठ कसे हलतात ते शिकतात, छोटीने सांगितलं. भाऊजी चपला गाडीतच विसरले होते. ते अनवाणी त्या खिडकीपाशी उभे राहिले, वाकले, आरशाच्या उंचीला आले, आणि तिथून त्यांनी आत बराच वेळ पाहिलं.

मग ते गाडीपाशी आले, वही उघडली आणि अहवाल वाचून दाखवला. क्लच वर्षभर चालेल, गॅरेजवाल्याचं बरोबर आहे. मागची डावी काच वर जायला आढेवेढे घेते. पंखा तिसऱ्या बटणावर गुणगुणतो. चालकाची सीट एक खाच पुढे घ्यायला हवी, छोटीचा पाय क्लचवर पूर्ण पोचत नाही. वायपरची रबरं लगेच बदलावीत. एवढं वाचून ते थांबले.

"आणि?" छोटीने विचारलं.

भाऊजींनी वही खिशात घातली. खिशाचं बटण लावलं. ते लागत नव्हतं, दोनदा निसटलं.

"त्या घरवाल्याला फोन कर," ते म्हणाले. "खोल्या नको म्हणून सांग."

छोटीने लगेच फोन लावला नाही. ती आधी त्यांच्याकडे बघत राहिली. ते मात्र वाकून पुढच्या टायरमधला एक खडा नखाने काढण्यात गुंतले होते. तो खडा गाडीला वर्षभर त्रास देणार नव्हता, पण भाऊजी त्याला सोडेनात. मग तिने पाठ फिरवून नंबर फिरवला. घरमालक जरा नाराज झाला असावा, कारण छोटी दोन-तीनदा माफी मागत होती. अचानक काय झालं, असं तो विचारत असणार. ती म्हणाली, गाडी मिळाली, चांगली आहे, रोज जाऊन येऊन करीन.

"चालवणारीही चांगली आहे म्हणावं," टायरपाशी वाकलेले भाऊजी म्हणाले.

छोटीने फोनवर हात ठेवला. "काय म्हणालात?"

"मी बघितलंय म्हणावं. स्वतः बसून."

त्या अनोळखी घरमालकाला यातलं काय समजलं असेल कुणास ठाऊक, कारण छोटीला पुढचं वाक्य धड बोलता येईना. हसते की रडते ते माझ्या बाजूने दिसत नव्हतं. शेवटी मी फोन घेतला, त्या गृहस्थांची माफी मागितली आणि आमच्याकडून खोल्या रिकाम्या समजा म्हणून सांगितलं. भाऊजींचा खडा तोवर निघाला होता. त्यांनी तो फाटकाबाहेर टाकला, हात झटकले आणि मला म्हणाले की परत जाताना मी मागे बसावं, त्यांना पुढे बसायचंय.